छोट्या बोअरची बंदूक नवशिक्याच्या हातात नको

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत छोट्या बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, शॉटगनवर (छर्ऱ्यांच्या बंदुकीवर) जो लेख आलाय तो दोनदा वाचला. मराठीत ह्या विषयावर कोणी लिहीतच नाही त्यामुळे आधी बरं वाटलं, पण दोन ठिकाणी अडखळलो आणि म्हणून हे पत्र. एक म्हणजे ते वाक्य, "नवशिके, महिला आणि मुलं यांच्यासाठी फोर-टेन ही आदर्श पहिली बंदूक". आणि दुसरं म्हणजे सोबतचा फोटो. फोटोबद्दल शेवटी बोलतो, तो जास्त गंभीर मामला आहे.

आधीच सांगून ठेवतो की मी काही छोट्या बोअरचा दुश्मन नाही. माझ्याकडे २८ बोअरची वर-खाली नळ्यांची दुनळी आहे आणि घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये ती माझी सगळ्यात लाडकी आहे, हे घरच्यांनाही माहितीये आणि त्यांना ते फारसं आवडत नाही. बरीच वर्षं क्लेवर म्हणजे मातीच्या तबकड्यांवर नेम धरतोय, १२, २०, २८ आणि फोर-टेन असे चारही बोअर खांद्याला लावून झालेत. त्यामुळे जे लिहितोय ते मार खाऊन शिकलेलं आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी बोअरचा हिशेब पटकन. एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोब्बर बसतो ती १२ बोअर. २० गोळे केले तर २०, २८ केले तर २८. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. १२ ची नळी आतून साधारण १८.५ मिमी, २० ची १५.६, २८ ची १४. फोर-टेन मात्र ह्या हिशेबात बसत नाही, ते सरळ इंचातलं माप आहे, पॉइंट चारशे दहा इंच म्हणजे १०.४ मिमी, गोळ्यांच्या हिशेबात मोजली तर ती सदुसष्ट-अडुसष्ट बोअरच्या आसपास जाते. लेखात "४१० बोअर" असं छापलंय, तसली बंदूक असती तर तिच्यात मोहरीच गेली असती. असो.

आता ओढ कशाची ते आधी, कारण ती खरी आहे, आणि जे लोक "१२ सोडून सगळी खेळणी" असं म्हणतात त्यांनी बहुतेक चांगली २८ हातातच घेतलेली नसते. चांगली म्हणजे जिचा सांगाडासुद्धा २८ च्या मापाने बनवलाय ती, २० च्या अंगावर बारीक नळ्या चढवलेली नाही. मधला लोखंडी भाग तळहातात अख्खा मावतो, नळ्यांखालच्या लाकडाला बोटं लपेटून वर येतात, आणि खांद्याला लावताना आपण काही उचललंय असं वाटतच नाही, बोट दाखवावं तशी ती तबकडीकडे जाते. वजन पावणेतीन किलोच्या आत. धक्का म्हणाल तर कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवल्यासारखा. आवाजपण वेगळा, १२ चा धडाम, हिचा ठप्प. आणि तबकडी फुटली की फुटते ती पण साधीसुधी नाही, नीट मध्यात सापडली तर काळा धूर होऊन जाते आणि तेव्हा जे काही वाटतं ते १२ ने दहा फोडल्यावर पण नाही वाटत. दिवसभर चालायचं असेल तर हातातली बंदूक आणि खिशातली काडतुसं दोन्ही हलकी. अमेरिकेत पार्कर ब्रदर्सनी १९०३ मध्ये २८ बोअर आणली तेव्हापासून ह्या मापाने लोकांना वेड लावलंय आणि ते उगाच नाही. फोर-टेनचं पण तसंच, विंचेस्टरने १९३३ मध्ये मॉडेल ४२ ही पंप अॅक्शन आणली, नळीखालचं लाकूड मागेपुढे ओढून काडतूस भरायची, इतकी नाजूक आणि देखणी की लोक आजही तिच्यामागे फिरतात.

आता माझ्या भाचीची गोष्ट.

भाची तेव्हा चौदा वर्षांची, अंगाने काडी. मी पण तेव्हा तुमच्या लेखकासारखाच विचार करायचो, म्हटलं पोरगी लहान, बंदूक लहान, झालं. एका ओळखीच्याची एकनळी फोर-टेन मागून आणली, दोन किलोच्या आतली, पोरीला उचलायला एकदम सोपी. पहिला दिवस सेफ्टी आणि उभं राहणं शिकवण्यात गेला, दुसऱ्या दिवशी २५ तबकड्या. फुटल्या दोन. त्यातली एक जमिनीवर पडून फुटली असं मला अजून वाटतं पण मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी परत दोन. चौथ्या दिवशी तिने बंदूक उघडून रॅकवर ठेवली, कानातले प्लग काढले आणि म्हणाली, "मामा, मला नाही जमणार हे. तू उगाच तुझा वेळ घालवतोयस." चेहरा असा की पुढे बोलायची सोय नाही.

मग आम्ही दोघं गवतात न फुटलेल्या तबकड्या गोळा करायला गेलो, परत वापरता येतात म्हणून. तिथे तिने एक उचलली आणि उन्हाकडे धरून बघायला लागली. तबकडीच्या काठाजवळ एक भोक. गोल, स्वच्छ, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं. छर्रा एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने निघून गेला होता आणि तबकडी अख्खीच्या अख्खी होती. मग शोधायला लागलो तर तसल्याच अजून दोन सापडल्या. म्हणजे पोरगी चुकत नव्हती हो! नेम लागत होता, निदान जवळपास तरी लागत होता, छर्रेच पुरत नव्हते. आणि मी चार दिवस तिला "पुढे धर, पुढे धर, थांबू नकोस" करत तिच्या चांगल्या नेमाची वाट लावत होतो.

पुढच्या आठवड्यात एका मित्राची २० बोअरची गॅसवर चालणारी सेमी-ऑटो, म्हणजे काडतुसाच्याच गॅसने पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घेतली, दस्ता म्हणजे खांद्याला टेकणारा भाग आखूड केलेला, आणि काडतुसं २४ ग्रॅमवाली हलकी. पंचवीसमध्ये अकरा. पहिली फुटली तेव्हा ती "मामा, फुटली!" असं एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या लाइनवरचे लोक वळून बघायला लागले. बंदूक फोर-टेनपेक्षा जड होती तरी तिने एकदाही तक्रार केली नाही. फुटायला लागलं की वजन वाटत नाही, असं माझं मत झालंय.

हे का होतं त्याचा हिशेब कागदावर करून बघा, शाळेतलं गणित आहे. अमेरिकन साडेसात नंबरचे (हा छर्ऱ्याच्या जाडीचा नंबर) छर्रे घेतले तर एका औंसात म्हणजे २८ ग्रॅममध्ये साधारण ३५० येतात. फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, १४ ग्रॅम, म्हणजे १७५ छर्रे. २८ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात पाऊण औंस, २१ ग्रॅम, साधारण २६०. आणि १२ चं ३२ ग्रॅमचं क्लेचं काडतूस घेतलं तर साडेतीनशेच्या वर, चारशेला टेकतात. पॅटर्न म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा मोजायची रीत अशी की ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर मोठा कागद लावायचा, एक बार टाकायचा आणि ३० इंची वर्तुळात किती भोकं पडली ते मोजायचं. मॉडिफाइड चोकमधून, म्हणजे नळीचं तोंड मध्यम आवळलेलं असेल तर, साठ टक्के वर्तुळात यायला हवेत. समजा दोघांनी साठ टक्के दिले, तर फोर-टेनचे शंभर-एकशेपाच आणि १२ चे दोनशे पस्तीसच्या आसपास. वर्तुळ तेवढंच, म्हणजे फोर-टेनच्या प्रत्येक छर्ऱ्याच्या वाट्याला त्रेचाळीसएक चौरस सेंटीमीटर जागा येते आणि १२ च्या छर्ऱ्याच्या वाट्याला वीससुद्धा नाही. आता तबकडी ११ सेंटीमीटर रुंद, पण नुसती कड दिसते तेव्हा उंची अडीच सेंटीमीटर फक्त, म्हणजे पंचवीस-सत्तावीस चौरस सेंटीमीटरचं निशाण. बरोब्बर मध्यात नेम धरला तरी अशी कडेने दिसणारी तबकडी फोर-टेनच्या जाळ्यातून निम्म्या वेळा कोरडी निघून जाणार. १२ मधून चारातून एकदा निघेल. आणि हे जर दोघांनी सारखे साठ टक्के दिले तर, प्रत्यक्षात फोर-टेन तेवढे देत नाही. कारण पुढे सांगतो.

मी स्वतः कागद लावून बघितलाय, तीन काडतुसं, तीन कागद, आणि संध्याकाळी घरी जमिनीवर पसरून पेन्सिलीने एकेका भोकाला टिंब करत मोजत बसलो होतो. गुडघे दुखायला लागले. आकडे काय ते सोडा, पण फोर-टेनच्या कागदावर वर्तुळाच्या आत, मध्यापासून जरा डावीकडे, एक जागा अशी होती जिथे मी आख्खा पंजा ठेवला आणि पंजाखाली एक पण भोक नव्हतं. तबकडी तिथे असती तर? नेम बरोबर, पुढचं अंतर बरोबर, आणि निकाल मात्र मिस. जुन्या माणसाला हे कळतं, तो मनात नशिबाला शिव्या देऊन पुढची तबकडी मागतो. नवीन माणूस ह्यातून चुकीचं शिकतो, त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं आणि तो बरोबर असलेली गोष्ट बदलायला जातो. माझा सगळा वाद इथेच आहे. शिकणाऱ्याला बंदुकीकडून खरं उत्तर मिळायला हवं आणि फोर-टेन त्याला अर्ध्या वेळा खोटं उत्तर देते.

लेखात अजून एक जुनी समजूत आली आहे की छोट्या बोअरच्या छर्ऱ्यांचा "घेर लहान" असतो. नसतो. घेर ठरवतो चोक आणि अंतर, नळीची जाडी नाही. सारख्या चोकमधून फोर-टेन आणि १२ साधारण तेवढ्याच पसरतात, फरक एवढाच की तेवढ्याच जागेत छर्रे कमी, म्हणजे चादर तेवढीच पण वीण विरळ. आणि "छोटी बंदूक कमी जोराने मारते" हे पण खोटं आहे. साडेसात नंबरचा छर्रा सेकंदाला ३६५ मीटरने फोर-टेनमधून सुटो नाहीतर १२ मधून, त्या एकट्या छर्ऱ्याला कुठून आलो ते माहीत नसतं, तो तेवढ्याच जोराने आदळतो. कमी पडते ती संख्या. त्यामुळे फोर-टेनवाल्यांना जे वाटतं ना की जास्त फास्ट काडतूस घेतलं की काम होईल, ते काही होत नाही.

फोर-टेन साठ टक्के का देत नाही त्याचं कारण नळीच्या आकारातच आहे. १४ ग्रॅम छर्रे साडेदहा मिलीमीटरच्या नळीत भरायचे म्हणजे ते उभे रचले जातात, उदबत्तीच्या पुड्यासारखे. शिशाच्या छर्ऱ्यांमधली हवा धरून एका घन सेंटीमीटरला पावणेसात ग्रॅम असं धरलं तर फोर-टेनमध्ये छर्ऱ्यांची उंची जवळजवळ अडीच सेंटीमीटर येते, म्हणजे रुंदीच्या सव्वादोन पट. तीन इंची काडतुसात १९-२० ग्रॅम घातले की साडेतीन सेंटीमीटरच्या जवळ जाते. बार उडाला की वरच्या सगळ्यांचं ओझं खालच्यांवर येतं, शिसं मऊ, खालचे छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. शिवाय फोर-टेनमध्ये दाब पण जास्त, अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे १२ ला चौरस इंचाला ११,५०० पौंडांची (पीएसआय) मर्यादा आहे आणि तीन इंची फोर-टेनला १३,५००. त्यामुळे तीन इंची म्हणजे जास्त चांगलं असं समजून लोक जी घेतात, ती कागदावर लावली तर कित्येकदा अडीच इंचीपेक्षा घाण पॅटर्न देते.

आता २८ बद्दल एक खूप आवडती दंतकथा आहे आणि ती माझ्या लाडक्या बंदुकीबद्दल आहे म्हणून मलाच मोडावी लागेल. म्हणतात की २८ चं पाऊण औंसाचं काडतूस "स्क्वेअर लोड" आहे, म्हणजे छर्ऱ्यांची उंची आणि रुंदी सारखी, आणि म्हणून ती आपल्या लायकीपेक्षा मोठी कामगिरी करते. मी पण वर्षानुवर्षं हेच सांगत फिरलो. मग एकदा बसून मोजलं. २१ ग्रॅम, १४ मिमीची नळी, वरचाच हिशेब लावला तर उंची येते २० मिमी. चौरस कुठलं आलंय! उलट १२ मध्ये ३२ ग्रॅम घातले तर उंची साडेसतरा-अठरा मिमी आणि नळी १८.५, म्हणजे चौरस कोण असेल तर ती बिचारी १२ च. २८ चांगली चालते हे खरं आहे, फोर-टेनपेक्षा खूपच चांगली, पण त्यात जादू काही नाही, २६० छर्रे बऱ्यापैकी गोल राहून जातात एवढंच. आणि ती ज्यांच्या हातात असते ते बहुतेक आधीच चांगले नेमबाज असतात, हे कोणी मोजत नाही.

धक्क्याबद्दल थोडं, कारण छोटी बंदूक देण्यामागे सगळ्यांचं मुख्य कारण तेच असतं. धक्का बोअर देत नाही. किती ग्रॅम किती वेगाने बाहेर गेलं आणि मागे बंदुकीचं वजन किती, एवढंच त्यात असतं. ३२ ग्रॅमवाली १२, साडेतीन किलोच्या आतबाहेरची, ही समजा एक माप धरलं तर पावणेतीन किलोच्या २८ चा धक्का त्याच्या साधारण निम्मा. इथपर्यंत लेख बरोबर. पण आता तीच १२ घ्या, जराशी जड, आणि तिच्यात २४ ग्रॅमवालं काडतूस घाला, ऑलिम्पिकमध्ये चालतं ते. धक्का जवळजवळ २८ एवढाच उतरतो आणि छर्रे मात्र जास्त! उलट अडीच किलोची एकनळी २० बोअर, जी "लेडीज अँड युथ" म्हणून विकली जाते, ती २५ ग्रॅमच्या काडतुसाला खांद्यावर जड १२ पेक्षाही जास्त वेगाने येते. मी पाहिलंय, पोरं तिसऱ्या बारापासून डोळे मिटायला लागतात आणि चाप ओढायच्या आधीच खांदा मागे घेतात, ती सवय एकदा लागली की जाता जात नाही. तर ज्यांना उचलता येतं त्यांना जड बंदूक आणि हलकं काडतूस द्या, ज्यांना नाही त्यांना २० ची गॅसवाली सेमी-ऑटो आणि हलकं काडतूस, आणि दस्ता मापाचा कापून घ्या. दस्ता मोठा असेल तर कुठलीही बंदूक गालावर थोबाडीत मारते.

इथे कोणीतरी म्हणेल की स्कीटमध्ये, म्हणजे दोन बाजूंनी उडणाऱ्या तबकड्या मारायच्या खेळात, लोक फोर-टेनने शंभरपैकी शंभर फोडतात मग? फोडतात ना. अमेरिकन स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि फोर-टेन असे चार वेगळे गट असतात, आणि फोर-टेनला अर्धा औंसच चालतो. पण दोन गोष्टी बघा. एक, स्कीटमध्ये तबकडी मारायचं अंतर वीसएक मीटरच्या आसपास, चाळीस यार्ड नव्हे, तेवढ्यात फोर-टेनची चादर अजून घट्ट असते. दुसरं, त्यातल्या कित्येकांच्या हातात नाजूक फोर-टेन नसतेच, १२ ची जड दुनळी असते आणि नळ्यांच्या आत अॅल्युमिनियमच्या बारीक ट्यूब घातलेल्या असतात, म्हणजे वजन आणि झोक सगळा १२ चा, छर्रे तेवढे फोर-टेनचे. वजन का हवं ते वीस मीटरवर आडवी जाणारी तबकडी मारताना कळतं, ती सेकंदाला वीसएक मीटरने जाते, छर्ऱ्यांना पोचायला सेकंदाचे सहा शतांश भाग लागतात, म्हणजे साधारण सव्वा मीटर पुढे नळी ठेवून, नळी न थांबवता बार टाकायचा असतो. हलकी बंदूक चटकन निघते आणि तितक्याच चटकन थांबते. हात थांबला की ती थांबते. जड बंदूक हात थांबला तरी जरा पुढे जाते आणि आपली चूक पोटात घालते. म्हणजे ज्या हलकेपणाच्या आपण प्रेमात पडतो तोच नवशिक्याच्या मुळावर येतो. ऑलिम्पिकच्या ट्रॅप (समोर दूर जाणाऱ्या तबकड्यांचा खेळ) आणि स्कीटच्या नियमात १२ पेक्षा मोठी चालत नाही, छोटीला बंदी नाही, तरी फायनलला १२ च दिसते, ह्यावरून काय ते समजा.

पक्ष्यांच्या शिकारीबद्दल, जिथे कायद्याने चालते तिथली गोष्ट, मी जास्त बोलत नाही कारण मी ती कधीच सोडली. सोडायच्या कारणांमध्ये एक संध्याकाळ आहे. हातात हीच २८, पक्षी लांब, चाळीस यार्डांच्या पुढे, मला माहीत होतं की लांब आहे, तरी चाप ओढला. पिसं उडाली. पक्षी झुकला, सावरला, आणि झाडीत गेला. अंधार पडेपर्यंत शोधला, कुत्रं पण होतं, नाही सापडला. १२ असती तर पडला असता असं म्हणत नाही, १२ असती तरी तो शॉट घ्यायला नको होता कदाचित, पण छोट्या बोअरमध्ये ही जी मधली अवस्था आहे, लागलंय पण पुरेसं नाही, ती फार मोठी असते. त्यामुळे जे शिकारीसाठी फोर-टेन वापरतात त्यांनी पंचवीस यार्डांच्या पुढचं सोडून द्यायची तयारी ठेवूनच घराबाहेर पडावं. पोराला पहिल्याच दिवशी हा संयम कुठून येणार, तो चाळिशीनंतर पण येत नाही, स्वतःचंच सांगतो.

शिसं आता कित्येक ठिकाणी बंद होतंय, अमेरिकेत बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर बंदी, युरोपियन युनियनमध्ये २०२३ पासून पाणथळ जागांवर. त्याचा सगळ्यात जास्त फटका छोट्या बोअरला बसतो. स्टील हलकं, तोच जोर हवा तर छर्रा मोठा घ्यावा लागतो, मोठे छर्रे जागा खातात, आणि फोर-टेनच्या काडतुसात जागाच कुठे आहे. टंगस्टनवाली जी काडतुसं आली आहेत त्यांनी मात्र चित्र बदललंय हे मान्य करतो, शिशाची घनता अकराच्या वर आणि ह्यांची अठरा, त्यामुळे छर्रा बारीक घेऊन संख्या वाढवता येते आणि अमेरिकेत त्यावर टर्कीसारखा मोठा पक्षी फोर-टेनने मारतात. पण ती काडतुसं महाग म्हणजे अशी महाग की सरावाला वापरायचं नाव नको. आणि तसं बघायला गेलं तर साधी २८ आणि फोर-टेनची काडतुसंपण १२ पेक्षा महाग पडतात, शिसं निम्मं आणि किंमत जास्त, कारण बनतातच कमी. लेखात "परवडणारा पर्याय" लिहिलंय, लेखकाने बहुतेक बंदुकीची किंमत विचारली, काडतुसांची नाही.

आता फोटो.

फोटोत चामड्याची एक पिशवी आहे आणि त्यातून काडतुसं सांडलेली आहेत, लाल, पिवळी, हिरवी, वेगवेगळ्या जाडीची, दिसायला छान रंगीबेरंगी. संपादक साहेब, एका पिशवीत दोन बोअरची काडतुसं हा अपघात आहे, फक्त अजून झालेला नाही. २० चं काडतूस १२ च्या बंदुकीत टाकलं तर ते आत सरकतं आणि पुढे, जिथे खोबण (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) संपून नळी अरुंद होते तिथे, त्याची कड अडकून बसतं. मागून बघितलं तर खोबण रिकामी दिसते. चाप ओढला, नुसतं टक. माणसाला वाटतं भरायलाच विसरलो, तो मागून १२ चं काडतूस घालतो, ते आरामात बसतं, आणि मग चाप ओढला की पुढे अडकलेल्या भरलेल्या काडतुसावर मागचा बार जाऊन आदळतो आणि नळी फुटते, नेमकी तिथे जिथे डावा हात असतो. ह्याच कारणाने २० चं काडतूस पिवळं करायची पद्धत पडली, कितीतरी वर्षांपासून, बाकीच्या बोअरला रंगाचा असा काही नियम नाही. पण खिशात हात घालून काढताना रंग कोण बघतं.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं हेच होता होता राहिलं. सकाळी मुलाबरोबर २० वापरली होती, दुपारी तेच जॅकेट घालून १२ घेऊन लाइनवर आला. टक. बंदूक उघडली, रिकामी, स्वतःशीच हसला, "म्हातारा झालो" म्हणाला आणि खिशातून दुसरं काढलं. मागे उभा असलेला एक जण, एरवी फार न बोलणारा, शांतपणे म्हणाला, "थांब. आधी नळीतून बघ." त्याने खोबणीतून नळी आकाशाकडे धरून बघितली. खालच्या नळीतून उजेड येत होता. वरच्या नळीतून नाही. साफ करायचा रॉड तोंडातून घालून ढकलला तर ते पिवळं काडतूस मागून टप्पकन त्याच्या बुटावर पडलं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं लाइनवर कोणी एक बार टाकला नाही आणि त्याने ते जॅकेट त्याच दिवशी मुलाला देऊन टाकलं, म्हणजे २० चं कायमचं वेगळं.

तेव्हा विनंती एवढीच की ऑनलाइन आवृत्तीतला तो फोटो बदला, एकाच बोअरची काडतुसं ठेवून दुसरा काढा. आणि जमलं तर "आदर्श पहिली बंदूक" ह्या ओळीत फोर-टेनच्या जागी हलक्या काडतुसाची २० असं करा. माझ्या भाचीने ती भोक पडलेली तबकडी दोरा ओवून खिडकीला टांगून ठेवली आहे, आता ती माझ्याच २८ ने माझ्यापेक्षा जास्त फोडते आणि बंदूक परत द्यायचं नाव घेत नाही. त्या तबकडीचा फोटो चालणार असेल तर सांगा, लगेच पाठवतो.

आपला,
पुरवणी आधी मागून उघडणारा एक वाचक